अरुंद नौकांची मालकी आणि निगा : इंग्लंडच्या कालव्यांच्या इतिहासाचे एक अंग

इंग्लंडमधील कालव्यांचा विचार करताना अभियंते व भांडवलदार यांची नावे प्रथम पुढे येतात. कालव्यावर चालणाऱ्या नौकेचा धनी कोण आणि तिच्या दुरुस्तीचा भार कोणी वाहावयाचा, हा प्रश्न मागे पडतो. वस्तुतः या नौकांच्या मालकीचे स्वरूप मुख्यतः त्यांच्या निगेच्या खर्चाने ठरविले, असे दिसून येते.

1761 मध्ये ब्रिजवॉटर कालवा खुला झाल्यावर त्याचा अभियंता जेम्स ब्रिंडली याने मध्य इंग्लंडमध्ये इतर कालव्यांची आखणी केली. नौकांना चढउतार करून देणारे त्यांवरील जलपाश सुमारे 7 फूट रुंदीचे ठेवल्याने नौकाही तितकीच अरुंद, परंतु सुमारे 70 फूट लांब होऊ लागली. पुढे रेल्वेच्या स्पर्धेमुळे मालवाहतुकीचे दर उतरले. तेव्हा अनेक नावाड्यांनी किनाऱ्यावरील घर सोडून कुटुंबासह नौकेवरील लहानशा खोलीत बिऱ्हाड थाटले. बायकामुलांचे श्रम त्यांना विनावेतन मिळाले. 1877 व 1884 च्या कायद्यांनी अशा नौकांची निवासस्थान म्हणून नोंदणी व तपासणी सुरू केली.

स्वतःच्या नौकेचा धनी असलेल्या नावाड्यास ‘नंबर वन’ म्हणत. त्यास प्रतिष्ठा होती, तसा धोकाही होता. लाकडी नौकेच्या फटी डांबरात भिजवलेल्या दोरखंडाच्या तंतूंनी वेळोवेळी बुजवाव्या लागत. नौका गोदीत असेपर्यंत मिळकत थांबे आणि बिऱ्हाडाचीही आबाळ होई. 1889 मध्ये स्थापन झालेल्या ‘फेलोज, मॉर्टन अँड क्लेटन’ सारख्या कंपनीस हा खर्च अनेक नौकांवर विभागता येई. एकट्या कुटुंबास ते शक्य नव्हते. 1948 मध्ये बहुतेक कालवे राष्ट्राच्या मालकीचे झाले. 1962-63 च्या हिवाळ्यात कालवे गोठल्यानंतर सरकारी मंडळाने अरुंद नौकांची आपली बहुतेक मालवाहतूक बंद केली.

तथापि, 1944 मध्ये एल. टी. सी. रोल्ट यांचे ‘नॅरो बोट’ प्रसिद्ध झाले आणि 1946 मध्ये अंतर्गत जलमार्ग संघटना स्थापन झाली. पुढे नौका विहाराचे साधन बनली आणि निगेचा जुना प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. पोलादी तळास दर दोन-तीन वर्षांनी पाण्याबाहेर काढून डांबरी लेप द्यावा लागतो. सुरक्षिततेचे प्रमाणपत्र चार वर्षांनी नवे करावे लागते. परवाना व धक्क्याचे भाडे हे खर्च निराळेच. म्हणून अनेक कुटुंबे एक नौका भागीत घेतात, वर्षातील आठवडे वाटून घेतात आणि दुरुस्तीसाठी सामाईक निधी ठेवतात. भागीचे घोडे किवणाने मरते, ही म्हण येथे लागू पडू नये म्हणून कामाची जबाबदारी, हिशेब व वार्षिक सभा यांचे लेखी नियम करावे लागतात.

‘नंबर वन’ची नौका त्याचे घर आणि उपजीविकेचे साधन होती, म्हणून तिच्या हानीत त्याचे सर्वस्व जाई. भागीदाराची हानी त्याच्या हिश्श्यापुरती असते. मात्र कालव्याचे बांध व जलपाश दोघांच्याही मालकीचे नाहीत. इंग्लंड व वेल्समधील बहुतेक कालवे 2012 पासून एका धर्मादाय न्यासाकडे आहेत. नौकेची निगा वाटून घेता येते. परंतु जलमार्गाची निगा थांबली, तर कोणत्याही प्रकारच्या मालकीस अर्थ उरत नाही.