ससा की खोकड? शिकारी कुत्र्याला एकाच मागावर ठेवण्याचा इतिहास

'रेड हेरिंग' या इंग्रजी वाक्प्रचाराची एक कथा वरचेवर सांगितली जाते. पूर्वी इंग्लंडमधील शिकारी आपल्या कुत्र्यांच्या वाटेवरून धुरावलेला, उग्र वासाचा हेरिंग मासा ओढत नेत. जो कुत्रा त्या वासाला भुलला नाही आणि मूळ मागावर टिकला, तो उत्तीर्ण. म्हणूनच दिशाभूल करणाऱ्या गोष्टीला 'रेड हेरिंग' म्हणतात, असे या कथेचे तात्पर्य.

कथा सुबक आहे. अडचण एवढीच की ती खरी नाही.

सतराव्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका इंग्रजी लेखनात असा मासा ओढण्याचा सल्ला आहे खरा, पण तो घोड्यांसाठी. मेलेले मांजर किंवा खोकड जमिनीवरून ओढत न्यावे, तसेच काही मिळाले नाही तर हेरिंग घ्यावा. कुत्रे त्या वासामागे धावतील आणि त्यांच्यामागे दौडताना घोडा शिकारीला सरावेल, असा त्याचा आशय. दिशाभुलीचा अर्थ रूढ झाला तो विल्यम कॉबेट या पत्रकारामुळे. नेपोलियनच्या पराभवाच्या खोट्या वार्तेमागे धावलेल्या इंग्रजी वृत्तपत्रांचा समाचार घेताना, १८०७ साली, त्याने आपल्या बालपणीची एक खोडी सांगितली: सशामागे लागलेल्या कुत्र्यांना आपण हेरिंग ओढून कसे चकवले. म्हणजे मुळात ते प्रशिक्षण नव्हतेच.

दुसरा एक इंग्रजी वाक्प्रचार मात्र खरोखर शिकारी कुत्र्यांच्या शाळेतून बाहेर पडला आहे. तो म्हणजे 'रन रायट'. आज 'रायट' म्हणजे दंगल. मध्ययुगीन शिकाऱ्यांच्या भाषेत मात्र 'रायट' म्हणजे कुत्र्याने ठरलेले सावज सोडून भलत्याच प्राण्याच्या मागे लागणे. हा शब्द टिकून राहिला, कारण त्यामागची अडचण खरी होती.

कुत्र्याला पाठलाग शिकवावा लागत नाही. तो त्याच्या रक्तातच असतो. शिकवावे लागते ते पाठलाग न करणे. रानात शिरलेल्या कुत्र्याच्या नाकासमोर एकाच वेळी ससा, हरीण, रानडुक्कर, मेंढी आणि कालच्या रात्री गेलेले खोकड असे सारे वास हजर असतात. त्यांतला एकच 'आपला' आणि बाकीचे असूनही नसल्यासारखे, हे त्या नाकाला पटवायचे कसे, हा प्रश्न किमान अडीच हजार वर्षे जुना आहे.

(इथे एक खुलासा आवश्यक आहे. इंग्रजी 'फॉक्स'ला मराठी भाषांतरांत सर्रास 'कोल्हा' म्हटले जाते. प्रत्यक्षात आपला कोल्हा म्हणजे इंग्रजी 'जॅकल', आणि 'फॉक्स' म्हणजे खोकड. पुढे हा भेद महत्त्वाचा ठरणार आहे.)

या प्रश्नावरचे सर्वांत जुने सविस्तर लेखन झेनोफन या अथेन्सच्या लेखकाच्या नावावर आहे. झेनोफन हा सॉक्रेटिसचा शिष्य, भाडोत्री सैन्याचा सेनानी आणि हाडाचा शिकारी. इ. स. पू. चौथ्या शतकातील त्याच्या 'किनेगेटिकोस' या पुस्तिकेचा मोठा भाग सशाच्या शिकारीला वाहिलेला आहे. ही शिकार पायी चाले. वाटांवर जाळी लावायची, कुत्र्यांनी सशाचा माग काढून त्याला उठवायचे आणि जाळ्याकडे पळवायचे, अशी तिची पद्धत.

वासाविषयीचे त्याचे निरीक्षण आजही थक्क करते. वसंत ऋतूत हवा सौम्य असल्याने माग स्पष्ट असतो, पण रान फुलले असेल तर फुलांचे वास त्यात मिसळून कुत्र्यांना अडचणीत आणतात, असे तो नोंदवतो. आधी तिथून खोकडे गेली असतील तर सशाचा माग विस्कळीत होतो, हेही तो सांगतो. आणि मग येतो त्याचा ठाम नियम: कुत्र्यांना खोकडामागे कधीही जाऊ देऊ नये. त्याने कुत्रे बिघडतात आणि ऐन गरजेच्या वेळी जागेवर सापडत नाहीत.

त्याची शिकवण्याची रीत मात्र संयमाची होती. कुत्री आठ महिन्यांची आणि कुत्रा दहा महिन्यांचा झाला की त्यांना रानात न्यायचे, पण मोकळे सोडायचे नाही. गळ्यात लांब दोरी बांधून माग काढणाऱ्या जाणत्या कुत्र्यांच्या पाठोपाठ चालवायचे. ससा दिसताच उमद्या पिल्लाला सोडायचे नाही. ससा दिसेनासा होऊ द्यायचा आणि मग सोडायचे. ससा जाळ्यात सापडला की तो पिल्लांना फाडायला द्यायचा. जे पिल्लू मुख्य मागावर न थांबता इकडेतिकडे भरकटते त्याला परत बोलवत राहायचे, नाहीतर ते कायमचे बाजूबाजूने हुंगणारे कुत्रे होते. त्यांचे खाणेही जाळ्यांपाशीच द्यायचे, म्हणजे रानात हरवलेले अननुभवी पिल्लू भुकेपोटी का होईना, तिथे परतेल. हाक मारायला सोपी जावीत म्हणून नावे आखूड ठेवावीत, असे सांगून त्याने चाळीसहून अधिक नावांची यादीच दिली आहे. तीत 'प्सिखे' म्हणजे आत्मा, 'लाँखे' म्हणजे भाला आणि 'फिलाक्स' म्हणजे पहारेकरी अशी नावे आहेत.

हरणासाठी आणि रानडुकरासाठी याच पुस्तिकेत भारतीय जातीचे कुत्रे सुचवले आहेत, हे येथील वाचकांना सुखावणारे. त्याआधीच्या शतकात हेरोडोटस लिहितो की बॅबिलोनच्या इराणी सुभेदाराकडे इतके भारतीय कुत्रे होते, की त्यांच्या पोषणासाठी चार मोठी गावे नेमून दिली होती आणि त्या गावांना इतर सर्व कर माफ होते.

झेनोफनपुढचा प्रश्न दोन जातींच्या प्राण्यांतून एक निवडण्याचा होता. मध्ययुगीन फ्रान्समध्ये तो कितीतरी अवघड झाला. तिथे कुत्र्याला एकाच जातीतला एकच प्राणी निवडायचा होता.

फ्वाचा काउंट तिसरा गास्तों, ज्याला 'फेब्युस' म्हणत, याने १ मे १३८७ रोजी आपला शिकारग्रंथ रचायला घेतला. सरदारांच्या शिकारीत नर हरणाला सर्वोच्च मान होता. भल्या पहाटे 'लिमिए' नावाचा, दोरीवर चालणारा आणि मुळीच न भुंकणारा कुत्रा घेऊन शिकारी रानात जाई, योग्य वयाचे हरीण हेरी आणि त्याची लेंडी शिंगात घालून मेजवानीच्या जागी पुरावा म्हणून आणी. ते पाहून आज कोणते हरीण हे ठरे. त्यानंतरच भुंकणाऱ्या कुत्र्यांचा ताफा सुटे.

हरीणही काही कमी नसे. दमल्यावर ते कळपात घुसे, दुसऱ्या तरण्या हरणाला उठवून पुढे पळवी आणि आपण त्याच्या जागी दडून बसे, पाण्यातून चाले. ताज्या हरणाचा माग कुत्र्यांना साहजिकच भुरळ घाली. पण ताज्या हरणामागे लागणे म्हणजे सकाळपासूनची मेहनत वाया, कारण दमलेला ताफा त्याला गाठणे शक्यच नव्हते. या सावज-बदलाला फ्रेंच शिकारी 'शांज' म्हणत, आणि त्यात न फसणारा कुत्रा म्हणजे त्यांच्या लेखी सोन्याचा तुकडा.

अशा शहाण्या कुत्र्यांचे फेब्युसने केलेले वर्णन वाचण्यासारखे आहे. काही कुत्रे कळपातूनही आपल्याच हरणाचा माग न चुकता काढत आणि भुंकत राहत. काही कुत्रे हरीण कळपात शिरताच गप्प होत, मूकपणे मागावर चालत आणि ते हरीण पुन्हा एकटे झाल्यावरच तोंड उघडत. काही तर जागच्या जागी थबकत आणि मालक येईपर्यंत हलत नसत. यांतल्या तिसऱ्या प्रकाराचे मोल चटकन लक्षात येत नाही. हा कुत्रा सावज शोधून देत नाही. आपल्याला खात्री नाही, एवढेच तो थांबून सांगतो. ताफ्यातले बाकीचे गोंगाट करत असताना असे थांबणे ही फार दुर्मीळ गोष्ट असावी.

हे शहाणपण येई कुठून? फेब्युसच्या मते माणसापासून सुरुवात करावी लागे. शिकारीचे शिक्षण घेणारा मुलगा सात वर्षांचा असतानाच कुत्र्यांच्या सेवेत यावा, प्रत्येक कुत्र्याचे नाव आणि रंग त्याने पाठ करावा, त्याने झोपावेही श्वानगृहातच. भुंकण्यावरून कुत्रा ओळखता आला तरच कोण चुकतो आहे हे दाट झाडीतूनही कळणार. दुसरे साधन होते बक्षिसाचे. हरीण पडल्यावर त्याचे कातडे अंथरून त्यावर रक्तात भिजवलेली भाकर शिंगाच्या नादात कुत्र्यांना दिली जाई. लिमिएचा वाटा वेगळा असे. भलत्या हरणामागे लागणाऱ्या दिवशी हा सोहळा होत नसे. इंग्लंडच्या राजाचा शिकारप्रमुख, नॉर्विचचा एडवर्ड, याने पुढे याच ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर केले. १४१५ साली अजिंकूरच्या लढाईत तो मारला गेला.

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये सावज बदलले. आता प्रतिष्ठा मिळाली ती खोकडाला. डॉर्सेटमधील जमीनदार पीटर बेकफर्डचे शिकारीविषयीचे पत्ररूप पुस्तक १७८१ साली आले. त्यात तरुण कुत्र्यांना कशापासून तोडावे याची चिंता पानोपानी दिसते. मेंढ्या आणि हरणे तर आहेतच, पण सर्वांत मोठा मोह म्हणजे ससा! झेनोफनला जो वास हवा होता तोच आता रायट ठरला, आणि त्याने निषिद्ध ठरवलेले खोकड सिंहासनावर बसले. दोन हजार वर्षांत कुत्र्याचे नाक मात्र होते तसेच राहिले.

मेंढ्यांचा प्रश्न केवळ शिस्तीचा नव्हता. खोकडामागची घोडदौड शेजाऱ्यांच्या शेतांवरून जाई. कुत्र्यांनी मेंढ्या फाडल्या तर शेतकऱ्यांचा रोष ओढवून घ्यावा लागे. म्हणून पिल्लांना जोडीने बांधून मेंढ्यांच्या कळपातून फिरवत, वळून पाहिले की दटावत आणि चाबूकही ओढत. मारण्यात घाई करणाऱ्यांवर मात्र बेकफर्डचा फारसा विश्वास नव्हता. सुरुवातीला सर्वाधिक उच्छाद मांडणारी पिल्लेच बहुधा पुढे उत्तम निघतात, असे त्याचे मत होते.

झटपट उपायांची फजिती त्याने एका किश्श्यात सांगितली आहे. एका उमरावाच्या कुत्र्यांना मेंढ्या मारण्याची खोड लागली. कोणीतरी सल्ला दिला की एक दांडगा एडका त्यांच्यात कोंडावा. तो धडका देऊन असा धडा शिकवेल की पुन्हा मेंढीचे नाव काढणार नाहीत. एडका आत सोडला. त्याने सुरुवात झकास केली, कुत्रे केकाटू लागले आणि मालक समाधानाने निघून गेला. नंतर दार उघडून पाहतात तो एडक्याचा पत्ता नाही, आणि कुत्रे भरल्या पोटी निवांत झोपलेले.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी असेच कुत्रे निलगिरीत उटीला आणले. खोकडाच्या मागे धावणाऱ्या त्या वंशाला तिथे नवे सावज नेमून देण्यात आले, ते म्हणजे आपला कोल्हा. विलायतेत ज्याचा वासही कधी नाकाला लागला नव्हता, तो प्राणी आता 'खरा' ठरला.

त्यानंतरचा बदल याहून विलक्षण आहे. १८ फेब्रुवारी २००५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांच्या ताफ्याने खोकडाची शिकार करणे बेकायदा ठरले. बऱ्याच शिकारमंडळांनी मग माणसाने आधी जमिनीवर ओढून ठेवलेल्या वासामागे कुत्रे सोडण्याचा मार्ग धरला. तो वास पुष्कळदा खोकडाचाच असतो. अशा मागावरून धावताना खरे खोकड आडवे गेले तर कुत्र्याने काय करावे? पिढ्यानपिढ्या ज्यासाठी त्याला बक्षीस मिळाले, तेच आता रायट आहे. समर्थक अशा घटनांना अपघात म्हणतात. विरोधकांच्या मते ओढलेला वास हा निव्वळ बहाणा असतो. खटला उभा राहिला की चर्चा फिरून येते ती माणसाकडेच: कुत्रे वळले तेव्हा शिकाऱ्याने शिंग फुंकून त्यांना मागे बोलावले, की पुढे जाऊ दिले? स्कॉटलंडने २०२३ च्या कायद्याने हा वाद मुळातच संपवला. तिथे ओढलेल्या वासामागे कुत्रे सोडण्यावरही बंदी आली.