बहुमत सभागृहातच मोजा

सरकार अल्पमतात आल्याची चर्चा सुरू झाली, की पहिली मागणी होते ती 'विधानसभेत बहुमत सिद्ध करा' ही. आज हा रिवाज सर्वमान्य आहे. पण राज्यपालांनाही तो बांधून ठेवतो, हे ठरलं बंगळुरूतल्या एका सरकारच्या बरखास्तीमुळे.

त्या बरखास्तीचं हत्यार होतं राष्ट्रपती राजवटीची तरतूद करणारं राज्यघटनेचं कलम 356, आणि त्याचं मूळ ब्रिटिश अमदानीत आहे. 1935 च्या भारत सरकार कायद्यातलं कलम 93 गव्हर्नरला प्रांताचा कारभार आपल्या हाती घेण्याची मुभा देत असे. 1939 मध्ये बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिल्यावर मुंबई प्रांतात याच कलमाखाली गव्हर्नरची राजवट आली. पुढे घटना समितीत तशीच तरतूद आली, तेव्हा ह. वि. कामत यांच्यासारख्या सभासदांनी तिला कडाडून विरोध केला. डॉ. आंबेडकरांनी गैरवापराची शक्यता नाकारली नाही. हे कलम वापरण्याची वेळच येऊ नये, अशी आशा मात्र त्यांनी व्यक्त केली. 1994 पर्यंत ते नव्वदहून अधिक वेळा वापरलं गेलं. 1977 मध्ये जनता पक्षाच्या केंद्र सरकारनं नऊ राज्यांतली काँग्रेस सरकारं घालवली. 1980 मध्ये इंदिरा गांधींनी नऊ राज्यांतच त्याची परतफेड केली आणि त्यात शरद पवारांचं पुलोद सरकारही गेलं.

कर्नाटकात ऑगस्ट 1988 मध्ये रामकृष्ण हेगडे यांच्यानंतर एस. आर. बोम्मई मुख्यमंत्री झाले. एप्रिल 1989 मध्ये मंत्रिमंडळ विस्तार होताच नाराजी उफाळली. के. आर. मोलाकेरी हे आमदार एकोणीस आमदारांची पत्रं घेऊन राजभवनावर गेले. या सर्वांनी पाठिंबा काढला आहे, असा त्यांचा दावा होता. राज्यपाल पी. वेंकटसुब्बय्या यांनी मुख्यमंत्र्यांचं म्हणणं न ऐकताच 19 एप्रिलला राष्ट्रपतींकडे अहवाल धाडला. दुसऱ्याच दिवशी त्या एकोणिसांपैकी सात जणांनी लेखी कळवलं, की दिशाभूल करून आमच्या सह्या घेतल्या, आमचा पाठिंबा सरकारलाच आहे. 27 एप्रिलला अधिवेशन ठरलेलं होतंच. हवं तर ते अलीकडे घेतो, असंही बोम्मई यांनी सांगितलं. तरीही राज्यपालांनी दुसरा अहवाल पाठवला आणि 21 एप्रिलला राष्ट्रपती राजवट लागू झाली. राजभवनापासून विधानसौध, म्हणजे कर्नाटकचं विधानभवन, हाकेच्या अंतरावर आहे. तिथे हात वर करून मोजता आली असती ती मतं राजभवनातल्या कागदांवरून मोजली गेली.

बोम्मई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाची ती लाल इमारत विधानसौधच्या समोरच, रस्त्यापलीकडे आहे. सभागृहात चाचणी घेणं बंधनकारक नाही, असं सांगून तिथे त्यांची याचिका फेटाळली गेली. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींपुढे आलं आणि 11 मार्च 1994 रोजी निकाल लागला. त्यातल्या एका प्रमुख निकालपत्राचे लेखक होते न्या. पी. बी. सावंत, आपल्या महाराष्ट्राचे. सरकारला बहुमत आहे की नाही, याचा निवाडा राज्यपालांच्या मतावर नाही, सभागृहात व्हायला हवा, असं ठरलं. राष्ट्रपती राजवटीचा आदेश न्यायालय तपासू शकतं आणि तो रद्द करून सरकार परतही आणू शकतं. संसदेच्या दोन्ही सभागृहांची मंजुरी मिळेपर्यंत विधानसभा विसर्जित करता येत नाही. संघराज्यपद्धती हा घटनेच्या पायाचा भाग आहे. केंद्राच्या अधिकाराला इतकं ठोस कुंपण याआधी पडलं नव्हतं.

बोम्मई यांच्या हातात मात्र काहीच पडलं नाही. बरखास्ती घटनाबाह्य ठरली, पण तोवर जवळपास पाच वर्षं उलटली होती आणि 1989 च्या निवडणुकीनंतर सत्ता काँग्रेसकडे गेली होती.

म्हणून या रिवाजाचा जीव वेगात आहे. 2018 मध्ये त्याच विधानसौधात येडियुरप्पा यांना बहुमत सिद्ध करायला राज्यपालांनी पंधरा दिवस दिले होते. न्यायालयानं ती मुदत थेट दुसऱ्या दिवसावर आणली आणि येडियुरप्पांनी मतदानाआधीच राजीनामा दिला. 2019 मध्ये महाराष्ट्रातही न्यायालयानं चोवीस तासांच्या आसपास मुदत देताच फडणवीसांनी पद सोडलं. 2022 मध्ये घडलं ते उलट. राज्यपालांनी चाचणी बोलावण्याला पुरेसा आधार नव्हता, असं न्यायालयानं 11 मे 2023 रोजी म्हटलं, पण उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळे त्यांना परत आणता येत नाही, असंही सांगितलं.

तेव्हा बोम्मई खटल्यानं राज्यांना ढाल दिली खरी, पण ती हाती धरून सभागृहात उभं राहण्याची जबाबदारी मुख्यमंत्र्याचीच आहे. आणि न्याय पाच वर्षांनी नव्हे, पाच दिवसांत मिळाला, तरच बंगळुरूत सुरू झालेला हा रिवाज राज्यांच्या कामी येईल.