१४. पेन यांचा कातळ

अमेरिकी परिसंस्थातज्ज्ञ रॉबर्ट पेन (१९३३–२०१६) यांच्या प्रयोगाची जागा. वॉशिंग्टन राज्याच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, मका या मूलनिवासी समाजाच्या भूमीत, ओहोटीला उघडा पडणारा हा कातळ आहे. १९६३पासून पेन तिथे जाऊन एका पट्ट्याला चिकटलेले तारामासे पहारीने उचकटून समुद्रात भिरकावत. शेजारचा भाग त्यांनी तुलनेसाठी तसाच ठेवला.

हा तारामासा (पिसास्टर ऑक्रेशियस) आपल्या असंख्य नळीपायांनी शिंपला ओढून किंचित उघडतो आणि स्वतःचे जठरच फटीतून आत सारून मांस पचवतो. त्याचे आवडते भक्ष्य म्हणजे मसल जातीचे निळसर-काळे शिंपले. तारामासे हटताच आधी बार्नॅकल आणि मग हे शिंपले कातळभर पसरत गेले. बाकीच्यांना टेकायलाही जागा उरेना. पट्ट्यावरच्या १५ जातींपैकी ८च उरल्याचे पेन यांनी १९६६ साली नोंदवले. विशेष म्हणजे, तारामासा ज्यांच्या वाटेलाही जात नाही ती बहुतेक शैवालेही नाहीशी होत होती. कोण कोणाला खातो एवढ्याच यादीवरून हा परिणाम कुणालाही वर्तवता आला नसता.

अशा जीवासाठी पेन यांनी १९६९मध्ये 'कीस्टोन' हा शब्द वापरला. 'कळीची प्रजाती' म्हणतात ती हीच. २०१३पासून उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पसरलेल्या एका रोगात हाच तारामासा मोठ्या संख्येने मेला.