पिसांवर उभे राहिलेले गाव : शहामृगपालनाचा उदय आणि अस्त

१/ सन १९१३. दक्षिण आफ्रिकेच्या निर्यातीत मूल्याच्या दृष्टीने पहिले स्थान सोन्याचे, त्यानंतर हिरे, मग लोकर. चौथ्या स्थानी होती शहामृगाची पिसे! पुढच्याच वर्षी हा व्यापार कोसळला आणि गडगंज शेतकरी कर्जबाजारी झाले. हे कसे घडले?

२/ आधी नावाविषयी थोडेसे. फार्सीत या पक्ष्याला ‘शुतुर्मुर्ग’, म्हणजे उंट-पक्षी, म्हणतात. मराठी ‘शहामृग’ या शब्दातील ‘मृग’ हरणाचा नव्हे. तो ‘मुर्ग’ म्हणजे पक्षी या शब्दाचे बदललेले रूप आहे. शास्त्रीय नावातही उंट आहेच : स्ट्रुथिओ कॅमेलस.

३/ या पिसांचे आकर्षण फार जुने. प्राचीन इजिप्तमध्ये सत्य व न्याय यांची देवता मात हिचे चिन्ह शहामृगाचे पीसच होते. पुढे सहारा ओलांडणारे उंटांचे तांडे ही पिसे त्रिपोलीसारख्या बंदरांत आणत व तेथून ती युरोपात जात. मात्र पिसांसाठी रानातला पक्षी मारला जाई. मागणी वाढत गेली, तसे पक्षी विरळ होऊ लागले.

४/ १८६०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील केप वसाहतीच्या शेतकऱ्यांनी वेगळा मार्ग काढला : पक्षी मारायचा नाही, पाळायचा. वाढलेले पीस देठाजवळ कापले तर पक्ष्याला इजा होत नाही आणि काही महिन्यांनी नवे पीस येते. मेंढीची लोकर कातरावी तसाच हा प्रकार. १८६५च्या गणनेत वसाहतीत पाळीव शहामृगे होती अवघी ८०.

५/ दोन गोष्टींनी या धंद्याला वेग दिला. पहिली, लसूणघास. पाटाच्या पाण्यावर वाढणाऱ्या या चाऱ्यामुळे थोड्या जमिनीत पुष्कळ पक्षी पोसता येऊ लागले. दुसरी, अंडी उबवण्याचे यंत्र. आर्थर डग्लस या शेतकऱ्याने १८६९मध्ये शहामृगाच्या अंड्यांसाठी असे यंत्र यशस्वी करून दाखवले.

६/ या उद्योगाची राजधानी ठरली छोट्या कारू प्रदेशातील औट्सहोर्न. कोरडी हवा, नद्यांचे पाणी आणि लसूणघासाची शेते. रशियन साम्राज्यातील लिथुआनियामधून आलेले अनेक ज्यू स्थलांतरित येथे पिसांचे व्यापारी झाले. त्यांची वस्ती एवढी वाढली की गावाला ‘आफ्रिकेचे जेरुसलेम’ म्हणू लागले.

७/ पिसांचा भाव मात्र औट्सहोर्नमध्ये ठरत नसे. तो ठरे लंडनच्या लिलावांत. तेथून माल पॅरिस व न्यूयॉर्कला जाई. पिसे धुणे, रंगवणे, कुरळी करणे ही कामे मोठ्या शहरांतील गरीब स्त्रिया व मुली तुटपुंज्या मजुरीवर करीत. आफ्रिकेतील शेतांवर राबत ते कृष्णवर्णीय व मिश्रवंशीय मजूर. नफ्याचा मोठा वाटा या कोणाच्याच हाती पडत नसे.

८/ आपला पक्षी परदेशी गेला तर मक्तेदारी जाईल, ही भीती सरकारला होती. १८८४मध्ये निर्यात होणाऱ्या प्रत्येक शहामृगावर १०० पौंड व प्रत्येक अंड्यावर ५ पौंड कर बसवला गेला. १९०७मध्ये निर्यातीवर बंदीच आली. तोवर कॅलिफोर्नियात शहामृगांची शेते उभी राहिलीही होती.

९/ स्पर्धेची धास्ती पुढे आणखी वाढली. अधिक दाट पिसांची एक जात उत्तर आफ्रिकेत असल्याचे कळताच सरकारने १९११मध्ये रसेल थॉर्नटन यांच्या नेतृत्वाखाली गुप्त मोहीम धाडली. नायजेरियाच्या उत्तर भागातून शंभराहून अधिक पक्षी केपमध्ये आणले गेले. ते येऊन दोन वर्षे होतात न होतात तोच बाजार कोसळला.

१०/ भरभराटीच्या काळात औट्सहोर्नच्या शेतकऱ्यांनी दगडी वाडे बांधले. त्यांना ‘पिसांचे महाल’ म्हणत. काही आजही उभे आहेत. जमिनीचे भाव गगनाला भिडले आणि त्या भावाने अनेकांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या. भाव असाच राहणार, हे सर्वांनी गृहीत धरले होते.

११/ १९१४मध्ये महायुद्ध पेटले. पण दोष एकट्या युद्धाचा नव्हता. पिसांचे उत्पादन आधीच बेसुमार वाढले होते. उघड्या मोटारींच्या वाऱ्यात पिसांच्या रुंद टोप्या टिकत ना. पक्षीहत्येविरुद्धच्या चळवळीने पिसे मिरवण्याचीच लाज वाटू लागली. वास्तविक शहामृग मारले जात नव्हते, आणि ब्रिटनच्या १९२१च्या पिसे-आयातबंदी कायद्यानेही त्यांना वगळले. पण तोवर फॅशन पुढे निघून गेली होती.

१२/ पक्ष्याला खाऊ घालणेही परवडेना. हजारो पक्षी मारले गेले, कित्येक रानात सोडून दिले गेले. शेतकरी व व्यापारी दिवाळखोर झाले, अनेक कुटुंबांनी गाव सोडले. लाखोंच्या घरातील पाळीव पक्ष्यांची संख्या १९३०पर्यंत प्रचंड घटली.

१३/ तरी धंदा मेला नाही. १९४५मध्ये औट्सहोर्नच्या शेतकऱ्यांनी सहकारी संस्था स्थापन केली. पुढे कातडे आणि मांस यांना बाजार मिळाला; एकाच पक्ष्यापासून तीन उत्पन्ने येऊ लागली. जोखीम मात्र उरलीच. २०११मध्ये बर्ड फ्लूमुळे युरोपला होणारी मांसाची निर्यात बंद पडली, तेव्हा या भागाला पुन्हा जबर फटका बसला.

१४/ या कथेचा पडसाद आपल्याकडेही उमटला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्र, आंध्र प्रदेश व तमिळनाडूत शहामृगाच्या नात्यातल्या इमूचे पालन वाढले. जोड्यांना गिऱ्हाईक होते, कारण नवे शेतकरीच त्या विकत घेत होते. मांस व तेल यांना मात्र पुरेसा ग्राहक नव्हता. २०१२च्या सुमारास हा फुगा फुटला.

१५/ औट्सहोर्नच्या शेतकऱ्यांनी पक्षी उत्तम सांभाळला. चारा, उबवणी, जात, कायदा, सगळ्यांची काळजी घेतली. केवळ ते पीस अखेर कोणाच्या टोपीवर बसते आणि ती टोपी किती दिवस टिकणार, हे पाहायचे राहून गेले. पशुपालनाचा कोणताही पर्याय पारखताना पहिला प्रश्न प्राण्याविषयी नव्हे, शेवटच्या ग्राहकाविषयी विचारावा लागतो.