मूळ फ्लॉपी आत घाला

जानेवारी १९८३ मध्ये लोटस १-२-३ बाजारात आलं तेव्हा त्याची किंमत ४९५ डॉलर होती. हिशेबाचे तक्ते आणि आलेख एकाच ठिकाणी करून देणाऱ्या या प्रोग्रामपायी लोक आयबीएमचा संगणक घ्यायला लागले. दोनच महिन्यांनी आयबीएमने १० मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेला पीसी एक्सटी आणला आणि फ्लॉप्यांची आदलाबदल आता संपली असं गिऱ्हाइकाला वाटलं. ती संपली नाही. लोटस हार्ड डिस्कवर उतरवून घेतलं तरी सुरू करताना दर वेळी मूळ फ्लॉपी ‘ए’ ड्राइव्हमध्ये घालावी लागे. प्रोग्राम त्या फ्लॉपीवरची खूण शोधायचा आणि ती सापडली नाही तर चालायलाच तयार नसायचा. नक्कल रोखणाऱ्या अशा कुलपांची कहाणी आपल्याकडे कंपन्या आणि चोर यांच्यातली झुंज म्हणून सांगितली जाते. त्या झुंजीत पैसे मोजून माल घेणारा कुठेच दिसत नाही. खरं तर कुलूप कुठे टिकलं आणि कुठे निघालं हे ठरलं ते या गिऱ्हाइकावरून. त्याच्या नकाराचा कंपनीला धाक होता तिथे कुलूप निघालं. बाकीच्या ठिकाणी ते वर्षानुवर्षं राहिलं.

कंपन्यांची भीती खोटी नव्हती. १९७६ मध्येच बिल गेट्स यांनी हौशी संगणकधारकांना उद्देशून खुलं पत्र लिहून तक्रार केली होती की, अल्टेअर संगणक बाळगणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी लोकांनी आमचं बेसिक विकत घेतलं आहे. पुढे फ्लॉपी आली आणि नक्कल करणं मिनिटांचं काम झालं. ॲपल टू संगणकाच्या डिस्क ड्राइव्हची रचना करताना स्टीव्ह वॉझनियॅक यांनी बरीचशी कामं यंत्राऐवजी सॉफ्टवेअरकडे सोपवली होती. त्यामुळे फ्लॉपीवर माहिती कशी मांडायची हे प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हातात आलं. त्याने मांडणी मुद्दाम वेडीवाकडी केली की नेहमीची नक्कल फसायची. उत्तरादाखल १९८१ मध्ये लॉकस्मिथ आलं, जे फ्लॉपीवरचा मजकूर समजून न घेता बिटमागून बिट उतरवून घेई. दरम्यान अमेरिकी कायद्याने १९८० मध्येच प्रोग्रामच्या मालकाला सुरक्षिततेसाठी एक जादा प्रत करून ठेवण्याचा हक्क दिलेला होता. म्हणजे कायदा हो म्हणत होता आणि फ्लॉपी नाही.

हा नुसता तात्त्विक वाद नव्हता, कारण फ्लॉपी ही झिजणारी वस्तू. तिला धूळ लागते, चुंबक लागतो, वापरून वापरून ती उडते. गिऱ्हाइकाला सांगितलं जाई की तुम्ही फ्लॉपी विकत घेतलेली नाही, प्रोग्राम वापरण्याचा परवाना घेतला आहे. पण फ्लॉपी खराब झाली की तोच परवाना फ्लॉपीइतकाच नाशवंत ठरे आणि बदली फ्लॉपी टपालाने येईपर्यंत काम अडे. काही कुलपं तर यंत्रावरच उठली. कमोडोर ६४ च्या १५४१ या ड्राइव्हमध्ये हेड शून्याच्या मार्गावर आलं की नाही हे कळण्याची सोय नव्हती. वाचताना चूक आली की ड्राइव्ह हेडला मागे रेटत नेऊन अडथळ्यावर आपटायचा आणि पुन्हा सुरुवात करायचा. संरक्षणासाठी फ्लॉपीवर मुद्दाम चुका पेरलेल्या असत, त्यामुळे विकत घेतलेला खेळ सुरू करताना खडखडाट ठरलेलाच. असं वारंवार झालं की हेड जागचं हले आणि मग धडधाकट फ्लॉप्याही वाचता येत नसत. प्रामाणिकपणाचा दंड ड्राइव्हच्या दुरुस्तीच्या बिलात भरायचा.

कचेऱ्यांनी हे फार काळ चालवून घेतलं नाही. शेकडो संगणक सांभाळणाऱ्या विभागाला प्रत्येक टेबलावरची मूळ फ्लॉपी जपत बसणं परवडणारं नव्हतं. कॉपी टू पीसीसारखी नक्कल करणारी साधनं उघडपणे विकली जात आणि त्यांच्या गिऱ्हाइकांत सरळमार्गी कचेऱ्याही होत्या. ॲश्टन-टेटचं डीबेस थ्री व्हॉल्ट कंपनीच्या प्रोलॉकवर विसंबून होतं. त्यात फ्लॉपीच्या पृष्ठभागावरच एक खूण असे. चोरीच्या प्रतीवर उलटा हल्ला चढवणारी पुढची आवृत्ती काढू, असं व्हॉल्टने जाहीर केलं तेव्हा असा ओरडा झाला की बेत गुंडाळावा लागला. चुकून आपल्याच हिशेबांवर तो हल्ला झाला तर, ही शंका रास्तच होती. उलट बोर्लंडने १९८३ मध्ये टर्बो पास्कल ४९.९५ डॉलरला विकलं, तेही कुलपाविना. पुस्तकासारखं वापरा, एका वेळी एकाने, एवढीच अट. ते धडाधड खपलं. १९८६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट आणि ॲश्टन-टेटने कुलपं काढली, दशक संपता संपता लोटसनेही काढली. व्हॉल्टने कुलूप चुकवणारी साधनं विकणाऱ्या क्वेड कंपनीवर खटला भरला होता. १९८८ मध्ये अपील न्यायालयाने क्वेडच्या बाजूने निकाल दिला तोवर बाजाराने आपला निकाल देऊन टाकलेला होता. ऑटोकॅडचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. १९८६ मध्ये त्याला हार्डवेअर लॉक, म्हणजे संगणकाला जोडायचं कुलूप, लागलं, अमेरिकी गिऱ्हाईक खवळलं आणि तिथे ते त्याच वर्षात निघालं. अमेरिकेबाहेरच्या आवृत्त्यांना मात्र ते लागून राहिलं.

घरातल्या गिऱ्हाइकाची अशी वट नव्हती. ब्रिटनमध्ये झेडएक्स स्पेक्ट्रमवर कॅसेटमधून खेळ चालत. १९८४ च्या जेट सेट विलीसोबत रंगीत चौकोनांचं एक कार्ड येई आणि संगणक विचारेल त्या जागेचे रंग सांगावे लागत. रंगीत झेरॉक्स तेव्हा कुणाच्या आवाक्यात नव्हता, म्हणून ही युक्ती. ज्याला रंग ओळखता येत नाहीत त्याने काय करायचं, याला उत्तर नव्हतं. पुढच्या वर्षी स्पेक्ट्रमवरच्या एलीटसोबत लेन्सलॉक आलं. दुमडणारी एक प्लॅस्टिकची चौकट, तिच्यात उभ्या पट्ट्यांचं भिंग. पडद्यावर अक्षरांच्या चिरफाळ्या दिसत. आधी भिंगाच्या मापाला जुळेल असा त्यांचा आकार करून घ्यायचा, मग चौकट काचेवर टेकवून एक डोळा मिटून दोन अक्षरं वाचायची. अंदाज चुकत गेला की कॅसेट पुन्हा पहिल्यापासून. टीव्ही फार मोठा किंवा फार लहान असेल तर अक्षरं जुळतच नसत आणि एलीटच्या काही प्रतींसोबत तर भिंगच दुसऱ्या खेळाचं गेलं होतं. तक्रार करणारा हा बहुधा शाळकरी पोर. त्याच्या नकाराने कुठल्या कंपनीचं कंत्राट जाणार होतं?

यावर म्हणता येईल की खेळाची बहुतेक विक्री पहिल्या काही आठवड्यांत होते, आणि तेवढा काळ नक्कल लांबवली तरी कुलपाचा खर्च वसूल होतो. हे मान्य. पण मग ते आठवडे सरल्यावर कुलूप काढायला काय हरकत होती? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: छोट्या बाजारात दर चोरलेली प्रत जिवावर येते. त्याचं उदाहरण आपल्या घरातच आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसोबत संगणकाच्या प्रिंटर पोर्टला लावायचं लॉक येई. मराठी डीटीपीचा धंदा तो केवढा, आणि फॉन्ट उचलायला वेळ तो किती! अशा ठिकाणी लॉक नसतं तर मराठी अक्षरांवर इतकी मेहनत कुणी घेतली असती का, हा प्रश्न खराच आहे. पण त्यातून एवढंच सिद्ध होतं की विक्रेत्याला संरक्षण हवं होतं. ते बिघडण्याची जोखीम सगळी गिऱ्हाइकाने का उचलायची, हे त्यातून सिद्ध होत नाही. लॉक निकामी झालं की अंक छापायला जायच्या दिवशी टाइपिंग बंद, आणि अडायचा तो पावती फाडून घेणाराच. १९९४ च्या दुरुस्तीने भारतीय कॉपीराइट कायद्यातही मालकाला राखीव प्रत करण्याची मुभा आली, पण प्लॅस्टिकच्या लॉकची राखीव प्रत कशी करणार?

जोखमीची ही वाटणी पुढे बदललीच नाही. सीडीच्या काळात सेफडिस्क आणि सेक्युरॉम ही कुलपं आली. त्यातल्या सेफडिस्कने विंडोजच्या अगदी आतल्या थरात आपला ड्रायव्हर बसवला. २०१५ मध्ये विंडोज १० आलं आणि मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कारणाने त्या ड्रायव्हरला दार बंद केलं. ज्यांनी दुकानातून पैसे देऊन सीडी घेतल्या होत्या, त्यांचे ते खेळ नव्या विंडोजवर उघडेनात. ज्यांच्याकडे त्याच खेळांच्या कुलूप फोडलेल्या प्रती होत्या, त्यांना या बंदीची झळ लागली नाही.