गावाची गोधडी

ब्राह्मणपुरी म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "हे कुठे आलं?" मग नेहमीचं उत्तर: तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार. तरीही चेहरा कोराच राहिला तर "खानदेश, सातपुड्याच्या पायथ्याकडे, पुढे गुजरात" असं सांगून मोकळं व्हायचं. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्याआधी हे सगळं धुळ्यातच होतं, त्यामुळे आमच्या घरातले म्हातारे अजूनही "आपला धुळे जिल्हा" म्हणतात.

तर या गावातून आलेली आजीची एक गोधडी माझ्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे. (एसी लावायचा आणि मग गोधडी पांघरायची, हा आमच्या पिढीचा विनोद.) मध्यंतरी एका मावसभावाने टूम काढली की अख्ख्या गावाची मिळून एक मोठ्ठी गोधडी करायची. घरटी एक जुनं कापड, टाके गावातल्या बायकांचे, आणि तयार झाली की शाळेत भिंतीवर टांगायची. गावाचा वारसा! मी लगेच हो म्हणून टाकलं. मग शनिवारी सकाळी, नमुना म्हणून, आजीची गोधडी हॉलमध्ये पसरून बसलो.

गोधडी म्हणजे वरून दिसणारे रंगीत तुकडे, असा माझा समज होता. पण खरा माल आत असतो. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरायची, वर तुकडे जुळवायचे आणि कडेकडेने साधा धावदोरा घालत मध्याकडे यायचं. शेतीची कामं उरकली की उन्हाळ्यात हा उद्योग. आखाजीला माहेरवाशिणी आलेल्या असल्या तर आणखी चार हात. चारी बाजूंना बायका बसणार, आणि टाक्यांबरोबर अर्थातच गावभरच्या बातम्या.

गंमत पुढे आहे. गोधडी विरली की ती टाकत नाहीत. तिच्यावरच नवं कापड घालून पुन्हा दोरे भरतात. म्हणजे सगळ्यात जुनं व्हर्जन सगळ्यात आत! आम्ही ऑफिसात पॅचवर पॅच मारतो आणि त्याला शिव्या घालतो, आजीने तेच केलं आणि ते चाळीस वर्षं चाललं. असो.

एका कोपऱ्यात गोधडी उसवली आहे. तिथून आत डोकावलं तर तळाशी जाड सुती लुगडं. खानदेश हा कापसाचा मुलूख. १८६१ ते १८६५ मध्ये अमेरिकेत यादवी चालू होती तेव्हा तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पुढे सुरतेहून नंदुरबारमार्गे जळगावकडे जाणारी ताप्ती व्हॅली रेल्वे झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमळनेरला प्रताप शेठजींनी गिरणी काढली. आजीचं ते लुगडं कुठल्या गिरणीतलं हे सांगता येणार नाही, पण आहे अस्सल सुती. त्यावरच्या थरात टेरिकॉटचा शर्ट. आणि सगळ्यात वर गुळगुळीत, भडक फुलाफुलांची साडी, म्हणजे सुरत! सिंथेटिक साड्या सुरतेत बनायला लागल्या आणि आमच्याकडच्या बायकांच्या अंगावरचं सूत हळूहळू गेलं. या साड्या सुईखाली सरकतात, घाम शोषत नाहीत, आणि गोधडीला ती जुनी ऊबही देत नाहीत. पण स्वस्त आणि टिकाऊ. आजीने घातली, तिला कुठे प्रदर्शन भरवायचं होतं?

माझं घोडं अडलं ते इथेच. गोधडी ही मुळात वापरून संपवायची वस्तू. शेवटी तिचं पोतेरं होतं, आणि त्यात कुणाला वाईट वाटत नाही. बंगालच्या कांथांचं नशीब वेगळं. स्टेला क्रॅमरिश कलकत्त्यात शिकवायला होत्या, त्यांनी कांथा जमवल्या आणि त्या आज फिलाडेल्फियाच्या म्युझियममध्ये आहेत. आपल्या गोधडीकडे अशी नजर फार उशिरा गेली. गीता खंडेलवाल यांचं महाराष्ट्रातल्या गोधड्यांवरचं इंग्रजी पुस्तक आलं ते २०१३ मध्ये.

टांगण्यासाठीच केलेली सगळ्यात प्रसिद्ध गोधडी अमेरिकेतली. ११ ऑक्टोबर १९८७ ला वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर (मॉल म्हणजे मैदान, फूड कोर्टवाला नव्हे) एड्सने गेलेल्यांच्या नावाचे १,९२० तुकडे अंथरले गेले. एकेक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, साधारण एका थडग्याएवढा. आज ते सुमारे ५०,००० झालेत. तिथे कुणी वारसा वगैरे म्हटलं नव्हतं. ज्यांची नावं घ्यायला घरचेसुद्धा लाजत होते त्यांची नावं कापडावर शिवली, एवढंच केलं.

हे वाचल्यावर भावाच्या "घरटी एक कापड" मधलं घर म्हणजे नक्की कुणाचं, हा प्रश्न पडला. शहादा तालुक्याचा इतिहास फक्त कापूस, ऊस आणि सहकारी साखर कारखान्याचा नाही. जमिनी गेलेले भिल आदिवासी इथेच वर्षाच्या कराराने सालदार म्हणून राबत होते. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीला धान्यावरून आदिवासींवर गोळीबार झाला. मग अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने माणसं उभी राहिली, जानेवारी १९७२ मध्ये शहाद्याला भूमुक्ती मेळावा झाला, त्याच वर्षी श्रमिक संघटना. आदिवासी बायकांनी गावोगाव दारूची मडकी फोडली. आदिवासींच्या जमिनी परत करायचा कायदा १९७५ पासून लागू झाला. यातलं काहीही मला लहानपणी घरात ऐकू आलं नव्हतं. आणि आजही या जिल्ह्यातली आदिवासी कुटुंबं ऊसतोडीला बारडोलीकडे जातात, अंथरूण-पांघरूण पाठीवर बांधून. आजच्या दिवशी गोधडी खऱ्या अर्थाने वापरात आहे ती त्यांच्या खोपटांत, माझ्या कपाटात नव्हे.

भावाला फोन करून म्हटलं, त्यांच्या घरांतूनही कापड घ्यायला हवं. तो क्षणभर थांबून म्हणाला, "अरे, पण त्यांच्याकडे जुनं कापड कुठलं? ते आपणच दिलेलं असायचं ना." तो वाईट माणूस नाही. त्याने खरं तेच सांगितलं.

फोन ठेवून पुन्हा गोधडी बघत बसलो, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. दोन बाजूंचे टाके बारीक, अगदी मुंगीच्या रांगेसारखे. उरलेल्या दोन बाजूंचे लांब आणि किंचित तिरके. म्हणजे हात दोन. आत्याला फोटो पाठवला आणि विचारलं, यातला आजीचा कुठला? "लांब टाके आईचे," ती हसत म्हणाली, "तिला धीर कुठे होता! बारीक काम सालदाराच्या बायकोचं. दुपारी येऊन बसायची. पायलीभर ज्वारी द्यायचो."

नाव विचारलं. आत्याने बराच वेळ आठवून पाहिलं. तिच्या पोरांची नावं आठवली, बैलांचीही आठवली.