केमोथेरपी सुरू असताना नागीण किंवा कावीळ झाली तर?

लिंफोमा हा लिंफोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग. किल्लारीसारख्या गावातला रुग्ण बार्शी किंवा सोलापूरला केमो घेतो आणि पुढच्या डोसपर्यंत, अनेकदा तीन आठवडे, घरीच असतो. त्यामुळे संसर्गाची लक्षणं आधी घरच्यांनाच दिसतात.

विषाणू येतात कुठून?

फ्लूसारखे बाहेरून येतात. काही मात्र आधीपासून शरीरात असतात. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत दडून राहतो आणि प्रतिकारशक्ती घटली की नागीण होऊन बाहेर पडतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू यकृतात दडतो. रिटुक्सिमॅब हे औषध कर्करोगाच्या पेशींसोबत निरोगी बी-पेशीही मारतं. मग हा विषाणू पुन्हा वाढून यकृत निकामी होऊ शकतं. सरकारी लसीकरणात बाळांना ही लस देशभर २०११ पासून मिळू लागली. आजच्या बहुतेक प्रौढांना ती लहानपणी मिळालेली नाही.

काय करावं?

केमोआधी एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी या रक्तचाचण्या झाल्या का, हे डॉक्टरांना विचारा. गरज असल्यास ते एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिरच्या गोळ्या देतात. रिटुक्सिमॅब संपल्यावरही त्या किमान वर्षभर चालतात. मनाने बंद करू नका.

गावाकडे नागिणीवर मंत्र आणि काविळीवर झाडपाला चालतो. केमोच्या रुग्णाला हा उशीर जिवावर बेतू शकतो. नागिणीचं औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू व्हायला हवं. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.